इतवारीची हसरी पाठ

मोहफुलं वेचताना माणूस चार पायांचा होतो. कंबर वाकलेली, हात जमिनीला, तोंड खाली. वाघाला हे जनावर ओळखीचं वाटतं आणि तो मागून येतो. म्हणून कुठल्याशा संस्थेने इतवारीच्या गावात मुखवटे वाटले होते. डोक्याच्या मागे बांधायचे, म्हणजे वाघाला वाटावं की हा आपल्याकडेच बघतोय. कल्पना चांगली होती. फक्त मुखवटे जत्रेतल्या साच्यातून काढलेले होते. गुलाबी गाल, बारीक मिशी आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसू.

"साहेब, हे तोंड पाहून वाघ पळन, का हात मिळवाले येईन?" इतवारीने विचारलं होतं.

"काका, आनंदी माणसाजवळ वाघ येत नाही," साहेब म्हणाले.

इतवारीला ते पटलं. साठ वर्षांत त्याने वाघ तीनदा पाहिला होता, आनंदी माणूस एकदाही नाही. दोघे एका ठिकाणी राहत नसावेत.

तीन आठवड्यांत मुखवटा इतका अंगवळणी पडला, की कपाळावरच्या रबरावर दुपट्टा गुंडाळल्यावर तो असल्याचं इतवारी विसरूनच जाई. त्या दिवशीही विसरला. टोपली अर्धी भरली होती, तेवढ्यात रस्त्यावरून श्रावणने मोटरसायकल थांबवून हाक मारली.

"इतवारीभाऊ! तुमचे भाटवे गेले वो. सकाळी पत्रूभाऊ गेले!"

पत्रू म्हणजे इतवारीच्या मोठ्या बहिणीचा, अंजनाबाईचा नवरा. सहा वर्षांपूर्वी बांधावरच्या एका मोहाच्या झाडावरून दोघांचं वाजलं. झाड कोणाचं हे ठरलं नाही, पण बहीण कोणाची हे ठरलं. "आता मेल्याचं तोंड पाहाले येजो," असं तिने भावाला सांगितलं होतं. अट आज पुरी झाली होती.

इतवारी टोपली तिथेच टाकून श्रावणच्या मागे बसला. वाटेत नागभीडला त्याने लुगडं घेतलं. नवरा गेलेल्या बहिणीला माहेरचं लुगडं भावानेच द्यायचं असतं. ती आपल्या हातून घेईल का, एवढी एकच धास्ती त्याला रस्ताभर होती. दुकानदार त्याचं तोंड बघून "फार वाईट झालं" म्हणाला आणि त्याची पाठ बघून गप्प झाला. मागून येणाऱ्या एसटीतली पोरं त्याला हात करत होती. श्रावण पुढे बघून गाडी चालवत होता आणि इतवारी श्रावणच्या पाठीला कपाळ टेकवून हुंदका दाबत होता. हसणाऱ्याला काही त्रास नव्हता.

पत्रूच्या अंगणात चाळीसेक माणसं बसली होती. शेजारचा कोलू प्रत्येक येणाऱ्याला ऐकवत होता, "सुखी जीव होता. सुखानं जगला, सुखानं गेला." मेलेल्या माणसाचं कोणी वेगळं सांगत नाही.

इतवारीने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. सरळ पत्रूजवळ जाऊन अंगणाकडे पाठ करून बसला. पत्रूच्या कपाळावर आठी तशीच होती. ती बघितली आणि इतवारीचा बांध फुटला. खांदे गदगदा हलू लागले.

अंगणाला दिसलं ते एवढंच: मुखवटा लावून आलेला माणूस, दात काढलेला, हसून हसून खांदे हलताहेत.

"पाह्य रे पाह्य! सहा वर्षानं आला, अन् तयारी करून आला!"

पत्रूचा मुलगा लोकेश राजुऱ्याला कामाला होता, बाप आजारी म्हणून परवाच आला होता. तो तरातरा पुढे झाला.

"मामा, हे काय लावलं तुम्ही आमच्या दारात?"

"मी नाई लावलं रे बाप्पा," इतवारी खालमानेनेच म्हणाला. "आपोआप होऊन राह्यलं."

"लोकं पाहून राह्यले! लाज नाई वाटत?"

"वाटते ना. गाडीवर किती आवरलं! इथी पत्रूचं तोंड पाह्यलं अन् सुटलंच."

"म्हणजे घरून ठरवूनच निघाले?"

"सहा वर्षांपासून ठरवून होतो गा. हिंमत नाई झाली."

लोकेशने मामाची गचांडी धरली.

"सोड त्याले," अंजनाबाई घरातून बाहेर आली. तिने भावाच्या मागे जाऊन मुखवट्याची हनुवटी पकडली आणि खेचली. रबर हातभर ताणलं आणि तिच्या हातून निसटलं. मुखवटा फाटकन इतवारीच्या डोक्यावर आपटला.

जन्मभर मागून यायच्या एकाच गोष्टीची धास्ती घेतलेला इतवारी जिवाच्या आकांताने ओरडला, "वाघ!"

अंगण उठलं. दोघं पडवीच्या खांबावर चढले. कोलू विहिरीपर्यंत गेला, तिथून त्याला हाका मारून परत आणावं लागलं.

मग इतवारीने डोक्यामागे हात नेला. तोंड हाताला लागलं तसा त्याने दुपट्टा खाली टाकला आणि ते ओढून काढलं.

"मोहाले गेलो होतो बाई. वाघासाठी बांधतो हे. तसाच आलो. तुह्या गळ्याची आन, मी रडत होतो."

इतकी माणसं एकदम ओशाळली की फार शांत वाटतं. ती शांतता कोलूला सोसवली नाही.

"जाऊ द्या आता. सुखी जीव होता पत्रूभाऊ."

"तुले कोण सांगतलं?" अंजनाबाई म्हणाली. मग भावाकडे वळली. "तू सांग. होता काय तो सुखी?"

इतवारीने पत्रूच्या आठीकडे पाहिलं. खोटं बोलायची आज सोय राहिली नव्हती.

"नाई बाई. एक दिवस नाई. तुमच्या लग्नात फोटोवाला म्हणे, 'हसा'. तर हा त्याले विचारे, 'काऊन?' मोहा जास्त पडला तं म्हणे वाळवाव कुठी, कमी पडला तं म्हणे वाळवाव काय. सुख त्याले लागतच नव्हतं. त्याच्याबिगर त्याचं बराबर चालत होतं."

"अन् मी? मी होती काय सुखी?"

"मले काय मालूम, बाई. सहा वर्ष मी आलोच कुठी?"

त्याने काखेतलं लुगडं पुढे केलं. अंजनाबाईने लुगड्याकडे पाहिलंही नाही.

"ते ठेव खाटेवर. हे दे."

"काय?"

"हे तोंड. आमच्या गावात वाटलं नाई कोणी." तिने मुखवटा त्याच्या हातून घेतला, उलटसुलट पाहिला. "तीस वर्ष मी मोहा वेचो अन् तो काठी घेऊन मागं उभा राहे. दिवसभर कुरकुर. फुलं बारीक हायेत, ऊन लय हाये, तू हळू वेचतं. ते आइकू येई तवरोक मले मालूम राहे, मागं वाघ नाई. लोकेश जाईन राजुऱ्याले. मी काय आइकू आता?"

लोकेश खाली बघत उभा राहिला. मग त्याने मामाचा दुपट्टा जमिनीवरून उचलून झटकला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

उचलायची वेळ झाली. पुढचा खांदा लोकेशने दिला, मागचा इतवारीने. कुंपणापाशी पोचल्यावर त्याला राहवलं नाही. त्याने मान वळवून पाहिलं.

रबर बसतं का बघायला अंजनाबाईने मुखवटा डोक्यामागे चढवला होता आणि ती घरात जायला वळली होती. गुलाबी गालांचा, बारीक मिशीचा तो चेहरा दारातून जाणाऱ्या सगळ्यांकडे बघून आनंदाने हसत होता. पुढच्या तोंडावर काय होतं ते कोणाला दिसलं नाही.