मिशीपर्यंत पोचलेलं औषध

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘चिकटताई’ म्हणत. औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना चमकता रंग चिकटवायचा, म्हणजे औषध शरीरात कुठे गेलं ते जांभळ्या दिव्याखाली दिसतं, हे तिचं काम. हा रंग कणांपासून सुटत नाही, एवढं आज परीक्षकांना पटवायचं होतं. पटलं तर पदवी. नाहीतर वडील अजून वर्षभर पाहुण्यांना सांगणार, "आमची शिकतेय अजून!"

परीक्षक आले. महा खडूस माणूस! चिकटताईने खोलीत अंधार केला, जांभळा दिवा लावला. नळीतलं औषध चमकत होतं ते ठीक, पण समोर उभ्या असलेल्या, तिला शिकवणाऱ्या सरांची मिशीही हिरवीगार चमकत होती.

"सर, तुमची मिशी..."

"तिला काय झालं?" सरांनी ऐटीत मिशीवर हात फिरवला. हातही हिरवा!

"वा!" दिव्यामागून परीक्षक म्हणाले. "रंग सुटून गावभर हिंडतोय की. तुम्ही औषधाचा माग काढता की नुसत्या रंगाचा?"

चिकटताई रडकुंडीला आली. तिने दिवा दाराकडे फिरवला, तर दाराची मूठही चमकत होती. अगं बाई! सकाळी हातमोजे न काढताच तिने दार उघडलं होतं. मग ती मूठ सरांनी धरली, आणि सरांचा हात मिशीवरून खाली उतरतो कधी?

"हातमोजे कशासाठी असतात गं?" सर कडाडले.

"स्वतःला जपायला, सर. दाराचं लक्षातच आलं नाही."

"ते असू दे," परीक्षक म्हणाले. "रंग सुटलाय की कणांसकट आलाय, ते कसं कळणार?"

"कळेल ना! सुटा रंग आमच्या गाळणीतून खाली जातो, कणांना चिकटलेला वर राहतो. फक्त... सर, मिशी या भांड्यात धुवावी लागेल."

"माझी मिशी? परीक्षेला?"

"बुडवा हो, मुलीच्या पदवीचा प्रश्न आहे," परीक्षक खुशीत आले.

सरांनी कुरकुरत मिशी बुडवली. चिकटताईने पाणी गाळलं. खाली उतरलं ते अगदी नितळ, सगळी चमक वरच! सरांचा सकाळपासूनचा सगळा चहा सोसूनही रंग सुटला नव्हता. तिला आनंदाने उडी मारावीशी वाटली.

"छान. पण एका मिशीवरून निष्कर्ष काढत नसतात," परीक्षक म्हणाले. "दुसरा नमुना हवा."

सरांनी दिवा त्यांच्याकडे वळवला. तेही त्याच दारातून आले होते. त्यांची दाढी कानापर्यंत हिरवी झाली होती.

"या," भांडं पुढे सरकवत सर म्हणाले, "मुलीच्या पदवीचा प्रश्न आहे."