फवारा कोणी घेऊ नये, याची हकीकत

श्रीधन्वंतरी कृपावंत. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, पौष मासी, डोंगरापलीकडील एका राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

थंडी पडली आणि शेजारील मुलखात फ्लू नामे ज्वराने कहर मांडिला, आणि माणसे पटापट अंथरुणास खिळू लागली. तेव्हा राजवैद्य मोरंभट यांणी खटपट करून टोपीकरांच्या गलबतावरून नाकात उडवावयाची फवाऱ्याची लस आणविली. त्या राज्यात थोरले राजे कैलासवासी जाहलेले, गादीचे धनी बाळराजे वय वर्षे नऊ, आणि कारभार मातोश्री जानकाईसाहेब पाहात. बाळराजांचे रक्त नासले होते आणि जालीम औषधांनी अंगी रोगाशी झुंजण्याचे बळ तिळभर उरले नव्हते, म्हणोन मोरंभटांनी त्यांस आतल्या महाली वेगळे ठेविले. मोरंभटांवाचून एक दासी आणि आईसाहेब एवढ्याच हातपाय धुऊन, धुतले वस्त्र नेसून आत जात, आणि आईसाहेब स्वहस्ते पेज भरवीत व उशाशी बसत. परंतु चुलते काकासाहेब यांचा डोळा गादीवर, सबब आईसाहेबांची सक्त ताकीद होती की, बाळराजांच्या दुखण्याचा शब्द दरबारात जो काढील त्याची जीभ छाटावी. मग दुखणे तर सर्वांस ठाऊक आणि बोलावयाचे कोणी नाही, ऐशा चालीवर राज्य चालले होते.

मग दरबार भरला आणि मोरंभट उभे राहून बोलिले, "या फवाऱ्यात ज्वराचे बीज जिवंत आहे, दुबळे करून घातले आहे. धडधाकटास भय नाही. परंतु दोन वर्षांआतील लेकरास देऊ नये. पन्नाशी गाठलेल्यांनी आणि गर्भार बायांनी घेऊ नये. ज्यांच्या अंगी बळ उरले नाही त्यांणी घेऊ नये. लहानग्यास दम्याची घरघर असेल तर देऊ नये. पूर्वी लशीने ज्याचा श्वास कोंडला त्याणे आधी मजला भेटावे. या वर्जिलेल्यांपैकी बहुतेकांस सुईची लस आहे, तीत बीज जिवंत नाही."

सुईचे नाव निघताच सरदार हैबतराव, ज्यांणी लढाईत भाले झेलिले, ते कलप लावलेल्या मिशांवर हात फिरवीत पुढे जाहले आणि म्हणाले, "वैद्यबावा, आम्हांस पन्नाशी कुठली? अजून दोन वर्षे आहेत." मोरंभट म्हणाले, "सरदार, आपल्या नातवाच्या बारशास मी जेवलो, आणि तो नातू परवा बाप जाहला. दंड उघडा करा." दरबार खो खो हसला, आणि आईसाहेबही पुष्कळ दिवसांनी हसल्या.

त्या हसण्यात मोरंभटांच्या ओठी एक कलम राहिले. जो कोणी अगदी बळ गेलेल्या, वेगळ्या ठेविलेल्या रोग्याची शुश्रूषा करतो त्याणेही फवारा घेऊ नये, आणि घेतलाच तर सात दिवस रोग्याजवळ फिरकू नये, कारण नाकातील जिवंत बीज रोग्यास लागावयाचा धोका. परंतु हे बोलावे तर ऐसा रोगी महाली आहे हे बोलल्यासारखे, आणि काकासाहेब समोर मान पुढे काढून बसलेले. मागाहून एकांती सांगू, ऐसे मोरंभटांनी मनी योजिले. तोच आईसाहेब आसनावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "आधी आम्ही घेतो, म्हणजे रयत बिचकणार नाही." फवारा मोरंभटांच्याच हाती होता. त्यांणी काकासाहेबांकडे पाहिले, आणि काकासाहेबांनी त्यांजकडे पाहिले, आणि मोरंभटांचा हात वर जाऊन फवारा उडाला.

दरबार उठताच आईसाहेब पेजेची वाटी घेऊन आतल्या महाली निघाल्या, तो मोरंभट धावत येऊन दारात आडवे उभे.

"वैद्यबावा, सरा. बाळ भुकेजला असेल."

"आईसाहेब, सात दिवस आत जाता येणार नाही," ऐसे म्हणोन त्यांणी राहिलेले कलम सांगितले.

"मग दरबारात तोंड का शिवले होते?"

"ताकीद आपलीच होती."

आईसाहेबांनी पेजेची वाटी दासीच्या हाती दिली आणि दाराबाहेरच खाली बसल्या. त्यांणी जीभ छाटण्याचा हुकूम दिला असता तर बरे, ऐसे मोरंभटांस जाहले. तो दिला नाही.

मग दासी आत पेज भरवी आणि बाळराजे तोंड फिरवीत. दाराआडून हाक येई, "आईसाहेब, आपण रुसलात काय?" आणि आईसाहेब बाहेरून म्हणत, "नाही रे राजा, थोडे काम आहे." आणि मूल विचारी, "काम झाले की याल?" आणि आईसाहेब म्हणत, "येते, येते." मोरंभट दोहोंच्या मध्ये उभे. मुलाची नाडी रोज हाती धरीत आणि जाणत की दिवस फार उरले नाहीत, आणि उरले तेही आपण आईच्या हातून काढून घेतले. दार सोडावे तर वैद्यकी बुडाली आणि न सोडावे तर माणुसकी, ऐशा पेचात जीव सापडला.

मुदत भरण्याआधीच एके सकाळी बाळराजे गेले. ज्वर नव्हता, फवाऱ्याचे बीज नव्हते, जुने दुखणेच ते. मोरंभट दारातून बाजूस जाहले. आईसाहेब उंबऱ्याशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "वैद्यबावा, आता आत गेले तर चालेल ना?" मोरंभटांनी स्वहस्ते दार उघडिले.

सारांश, त्या हिवाळ्यात त्या राज्यात फ्लूने एकही माणूस दगावले नाही. लस गुणाचीच होती. इतके लिहून कलम खाली ठेविले.