पाट कारखान्यात, नाव पुस्तकात

भालूकाकांच्या हातात लग्नाची पत्रिका ठेवली की नवरा-नवरीची नावं ते मागाहून वाचत. आधी चष्मा कपाळावर चढवून विचारत, "पुस्तक बंद कधी?"

म्हणजे जेवणाऱ्यांची नावं कुठल्या तारखेपर्यंत घेणार. त्यानंतर प्रत्यक्ष व्याही उगवला तरी त्याला वाढू नये, असं त्यांचं मत. पेणच्या कचेरीत आवक-जावकची वही सांभाळून ते निवृत्त झाले आणि उरलेला जीव त्यांनी शेअरांत घातला. तेव्हा शेअर कागदाचे असत, टपालाने यायचे-जायचे. कंपनी वर्षातून एकदा आपलं भागधारकांचं पुस्तक काही दिवस बंद करी. त्या घडीला पुस्तकात ज्याचं नाव, त्याला डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा. सारं जग या एका नियमावर चाललंय, अशी काकांची श्रद्धा होती.

एकदा त्यांनी गागोद्याच्या एका शेतकऱ्याला गाभण शेळी विकायला काढली. अट अशी, की बुधवारच्या आत व्याली तर करडू काकांचं, नंतर व्याली तर त्याचं. शेतकरी म्हणाला, "आन् बुधवारीच व्याली तं?" काका विचारात पडले. ते विचारात असतानाच, मंगळवारी, शेळी त्यांच्याच ओट्यावर व्याली.

काकांनी लगेच स्वतःहून शेळीची किंमत उतरवली. मला म्हणाले, "करडू सुटलं की शेळीचा भाव पडतो. शेअराचं पण तसंच. तारीख उलटली की डिव्हिडंडाएवढा भाव खाली येतो. फुकट काय नाय मिळत, कलाकारा." शेतकरी शेळी घेऊन निघाला, तसं करडू ओरडायला लागलं. काकांनी थोडा वेळ ऐकलं आणि करडूही त्याच्या काखेत देऊन टाकलं. नियमाला अपवाद केल्याचं दुःख मात्र त्यांना आठवडाभर पुरलं.

मी कलाकार तो गणपतीच्या कारखान्यातला. मूर्तीचे डोळे आखताना माझा हात हलत नाही. व्यवहारात मात्र सगळा मीच हलतो. काकांचं बघून मीही एका रंगाच्या कंपनीचे पन्नास शेअर घेतले. पुस्तक बंद व्हायला तेव्हा चांगला महिना होता. सर्टिफिकेट आलं, सोबत विकणाऱ्या सुरतेच्या बाईंनी सही केलेला ट्रान्स्फरचा फॉर्म आला. बायकोने दोन्हींना हळदकुंकू वाहिलं, मी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि डिव्हिडंडाची वाट बघत बसलो. दिवाळी झाली, तरी काही येईना. शेवटी काकांना गाठलं.

"फॉर्म कंपनीला कधी पाठवलास?"

"पाठवायचा असतो?"

काकांनी चष्मा उतरवून डोळे मिटले. "तुझ्या कारखान्यात गिऱ्हाईक पाट घेऊन येतं ना? नावाची चिठ्ठी लावून ठेवून जातं?"

"व्हय. त्या पाटावरच आम्ही गणपती बसवतो."

"आन् एखाद्याने पाट घरीच ठेवला, रोज पूजा केली, तर चतुर्थीला त्यावर गणपती उगवेल?"

मला देव्हाऱ्यातलं हळदकुंकू आठवलं.

"नुसतं विकत घेऊन भागत नाय रे. पुस्तक बंद व्हायच्या आत नाव आत पडायला हवं. कंपनीला काय माहीत तू कोण? तिच्या पुस्तकात अजून ती बाईच हाय."

शेअर माझे आणि डिव्हिडंड सुरतेला. मी त्या बाईंना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. माझ्या अक्षराची त्यांनी फार तारीफ केली होती, आणि खाली जय श्रीकृष्ण.

तरीही पुढच्या वर्षी मी काकांना सल्ला द्यायला गेलो. काकांचा थोरला भाऊ रोह्याला असे. वडिलांनी एका कंपनीचे शेअर दोघांच्या नावाने घेऊन ठेवले होते. वडील गेले आणि घरचा गणपती पेणला बसवायचा की रोह्याला, यावरून भावाभावांत जे बोलणं तुटलं ते तुटलंच. श्रावणात या थोरल्या दादांकडून विक्रीचा फॉर्म टपालाने आला. विकायला दोघांच्याही सह्या लागतात.

"भाव चांगला हाय काका. सही करा, अर्धे अर्धे वाटून घ्या, कटकट मिटली."

काकांनी कंपनीचं जुनं पत्र काढून माझ्यासमोर धरलं. टाइप केलेल्या एकाच ओळीत दादांचं नाव, मग काकांचं.

"पत्रिकेत आता आमची नावं एकत्र नाय छापत," ते म्हणाले. "भावकीत पण वेगवेगळी आमंत्रणं. ही एवढी एक ओळ हाय. दर वर्षी पुस्तक बंद होतं तेव्हा त्यात आम्ही दोघं आत असतो."

मग फॉर्म तसाच लिफाफ्यात घालून चिकटवला. "रोह्याला गणपती पोचवायला जाशील तेव्हा दे. त्याच्या आधी नको."

पुस्तक बंद झाल्यावर चार दिवसांनी आमचा टेम्पो निघाला. रोह्याजवळचं निडी मागे पडलं तशी मी दादांसमोर करायच्या भाषणाची तयारी सुरू केली. भाऊ तुमच्यासाठी झुरतोय, तुम्ही मात्र वाटण्या करता, वगैरे.

दादांनी लिफाफा फोडायच्या आधी विचारलं, "पुस्तक बंद झालं?"

"झालं."

"सही?"

"नाही केली."

दादांनी फॉर्म उघडून पाहिला आणि कपाटातल्या खणात ठेवला. खणात तसलेच फॉर्म, गेल्या कैक वर्षांचे. वरच्या फॉर्मवर माझी नजर गेली. काकांची जागा कोरी होतीच. दादांचीही कोरीच होती.

"दादा, तुमची पण सही नाही यावर."

"पयली सही धाकट्याने करायची, असं ठरलंय."

"कधी ठरलं? तुम्ही तर बोलत नाही."

"न बोलताच ठरलं," दादा म्हणाले, आणि मला चहा घेऊनच जायला सांगितलं.

माझं भाषण मी चहाबरोबर गिळलं.

संध्याकाळी काका ओट्यावरच बसले होते. "काय म्हणाला?"

"पुस्तक बंद झालं का, विचारलं."

"स्वतः विचारलंन?"

"लिफाफा फोडायच्या आधी."

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला.

"मग बरा हाय," ते म्हणाले.