हुकूम अंगठ्याचा

नामदेव पेंटर भेटला की आधी तुमच्या तोंडाकडे पाहत नाही. तुमचा उजवा हात धरतो, अंगठा उन्हाकडे करतो, रेषा नीट पाहतो आणि सांगतो, "हाय अजून. जपा." नवखा माणूस याला ज्योतिषी समजतो. आम्ही शेलूबाजारची माणसं सवयीनं अंगठा पुढे करतो आणि नंतर रामराम घालतो.

एकेकाळी या रस्त्यावरची प्रत्येक पाटी नामदेवची होती. दवाखाना, हॉटेल, ट्रॉलीमागचा 'नाद नाही करायचा', सगळं त्याच्या ब्रशातून उतरलेलं. मग फ्लेक्स आले. माझ्या कृषी केंद्राची त्यानं रंगवलेली पाटी मीही उतरवली आणि फ्लेक्स लावला. खाली उभा राहून त्यानं फक्त फ्लेक्सवरचं शुद्धलेखन तपासलं आणि तीन चुका सांगून निघून गेला.

हातात काम नसलेल्या या माणसाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवायची अवदसा मला आठवली. कुठली तरी पोरं पत्त्यांचा स्वतःचा जोड बनवत होती. त्यात एक आख्खी गोष्ट, एक आख्खं काल्पनिक जग. नामदेवनं तो व्हिडिओ चारदा पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करायला लागला. जाड असतात ना, म्हणून. त्यातून बावन्न पानं कापली आणि पाठीमागची वधू-वरांची नावं ट्रॅक्टरच्या काळ्या ऑइलपेंटनं मिटवली. जोड असा झाला की पिसायला दोन माणसं लागावीत.

आणि जग कोणतं? सन दोन हजार नव्वदचं शेलूबाजार. तेव्हा कुणाला नाव राहणार नाही, नुसता अंगठा राहील. सावली तासावर भाड्यानं मिळेल. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक ही जुनी मंडळी त्यानं हाकलून दिली आणि चार नवे रंग आणले: टाकी, चार्जर, रांग आणि अंगठा. टाकीचा बादशहा टाकीवर चढून बसलेला, खाली उतरतच नाही. रांगेच्या एक्क्यावर नुसती एक चप्पल. मी विचारलं, यातला माणूस कुठे आहे? तर म्हणे माणूस मेला, चप्पल नंबर धरून आहे. मी हसलो आणि लगेच हसू आटलं, कारण तालुक्याच्या कचेरीपुढे अशा चपला मी पाहिल्या आहेत.

चार्जरच्या गुलामाला त्यानं माझं तोंड दिलं. मी चिडलो. तो थंडपणे म्हणाला, "फ्लेक्सवाला माणूस हाय ना भाऊ तुमी."

खेळ मेंढीकोटचाच, दश्श्या जास्त त्याचा डाव, पण हुकूम ठरलेला. दर डावाला अंगठा. आमच्यातला टेलर म्हणाला की हुकूम बदलला नाही तर खेळण्यात मजा काय? नामदेव म्हणाला, "मजा नाईच. म्हणून तं खरा हाय." लाइट गेली, नळ गेला, एसटी गेली, कशाचीही तक्रार करा, त्याचं उत्तर एकच: "हे तं काईच नाई. नव्वदात पाहा."

अडलं ते राण्यांपाशी. चारही राण्यांची धडं तयार, डोक्यावर पदर तयार, आणि तोंडाच्या जागी कोरा पुठ्ठा. त्याला तिथं बायकोचंच तोंड हवं होतं, आणि सुमनवहिनी काही बसायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "चार गडी मले सतरंजीवर आपटतीन आन् वरतून मिशा पिळतीन. मले नाई पायजे तुमचं राणीपण." वर्ष झालं तरी नकार तसाच. दुसऱ्या कुणाचं तोंड काढायला नामदेव तयार नव्हता. अठ्ठेचाळीस पानांचा जोड घेऊन तो गावभर फिरायचा आणि लोक त्याची थट्टा करायचे. त्यात मीही होतो.

मग एका महिन्यात राशन दुकानातल्या मशीननं सुमनवहिनींचा अंगठा घेतला नाही. आयुष्यभर विळ्यानं सोयाबीन सोंगली, भांडी राखेनं घासली. अंगठ्यावर रेष उरणार कुठून? त्यांनी अंगठा पदराला पुसला, लिंबू चोळून आल्या, तीनदा लावला. दुकानदार तीस वर्षांच्या ओळखीचा. तो म्हणाला, "मी ओळखतो ना वहिनी, पण मशीन नाई ओळखत." मागच्या बायांनी पुढे सरकायला सांगितलं. वहिनी रिकामी थैली घेऊन घरी आल्या.

मी तेव्हा नामदेवच्या ओसरीत बसलो होतो. वहिनींनी थैली खुंटीला अडकवली, नवऱ्यासमोर खाली बसल्या आणि पदर नीट केला.

"काढा माह्यं तोंड," त्या म्हणाल्या. "मशीन म्हणते मी मी नाई. कुठं तं राहू द्या मले."

मला तिथं बसवेना. मी उठून आलो.

नामदेवला चार राण्यांना आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्यानं कुणाचा अंगठा पाहिला नाही, की नव्वदाचं नाव काढलं नाही.

जोड पुरा झाला तेव्हा माझ्याच दुकानात डाव मांडला. मी आणि टेलर एकीकडे, नामदेव आणि पानठेलेवाला दुसरीकडे. नामदेव खेळात फार खडूस. हरला तर दोन दिवस बोलत नाही, आणि समोरच्याची दश्शी कापताना त्याला दया येत नाही.

शेवटचे तीन हात उरले होते. रांगेचा एक्का आणि बादशहा आधीच पडले होते. मी रांगेची राणी उतरवली. मी आपटणार होतो, पण पानावर नव्यानं काढलेली रिकामी थैली धरून उभ्या असलेल्या सुमनवहिनी दिसल्या आणि मी ते पान हळूच खाली ठेवलं.

पाळी नामदेवची होती. त्याच्याकडे रांग संपलेली, सगळ्यांना माहीत होतं. त्यानं बराच वेळ पानाकडे पाहिलं आणि चार्जरची तिर्री टाकली. टेलरनं हसत हसत दश्शी दिली. हात आमचा झाला.

पुढच्या हाताला नामदेवकडून अंगठ्याचा बादशहा निघाला तेव्हा पानठेलेवाला भडकला. हुकूम हातात असताना राणी कापली काहून नाही, असं त्यानं दोनदा विचारलं.

नामदेव पानं चाचपत राहिला. मग म्हणाला, "तिले अंगठ्यानं एकडाव वापस पाठवलं. आता मी कायले पाठवू?"

आम्ही डाव जिंकलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या महिन्यात वहिनी पुन्हा त्याच मशीनपुढे उभ्या राहणार होत्या, आणि तिथली पानं नामदेवच्या हातात नव्हती.