शिबूदांची आखणी

ठाणे-कल्याणच्या गणपतींना दृष्टी दिली ती बंगालने. हे मत शिबूदांचं. दुसऱ्या कोणाचं असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत शिबूदा शेजारच्या खोलीत एकटे राहत. दुर्गेच्या मूर्ती घडवायला बंगालहून काही कारागीर आले होते. बाकीचे परतले, हे राहिले आणि गणपती करू लागले. माणसाकडेही ते मूर्तीसारखंच बघत. पहिल्या भेटीत माझा चेहरा न्याहाळून म्हणाले, "नाक ठीक है. डोळा मात्र घाईत केला आहे."

मूर्तीचे डोळे रंगवणं म्हणजे आखणी. शिबूदांनी आखलेले डोळे दुर्गेसारखे लांब, कानाकडे निघालेले. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं कुरकुरली. "दादा, बाप्पा आमच्यावर चिडल्यासारखे बघतात."

"तुमने कुछ किया होगा," शिबूदा म्हणाले.

पुढे लोकांना त्या नजरेची सवय झाली, मग ओढ लागली, मग पार ठाण्यातल्या वर्तकनगरपर्यंतच्या मूर्तींच्या कारखान्यांनी ती उचलली. टेम्पोतून मूर्ती चालली की शिबूदा मला कोपराने ढोसत. "देखा? गणपती तुमचा, डोळा माझा."

हे दुसऱ्या कोणीतरी एकदा चारचौघांत म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून यंदा 'आपली अस्सल परंपरा' नावाच्या स्पर्धेत त्यांनी मूर्ती ठेवली आणि स्वतः इस्त्रीचा कुर्ता घालून तिच्याशेजारी उभे राहिले. परीक्षक निवृत्त चित्रकला शिक्षक होते.

"प्रयत्न चांगला आहे," ते म्हणाले. "पण आखणीत बाहेरचा हात कळतो. आपल्या मातीतली नजर ही बघा." त्यांनी वर्तकनगरच्या एका कारखान्याची मूर्ती दाखवली. तिचे डोळे कानाकडे निघालेले होते.

मी तोंड उघडणार तोच शिबूदांनी माझा हात दाबला. "राहू दे. डावा डोळा जरा घाईत झाला. बाकी माझाच आहे."

खोलीवर आल्यावर त्यांनी चहा टाकला. कोपऱ्यात त्यांची दुर्गा होती. साडी, दागिने, सगळं रंगवून झालेलं, डोळ्यांच्या जागा तेवढ्या वर्षानुवर्षं कोऱ्या.

"हिची आखणी कधी?" मी विचारलं.

"डोळा दिला की पूजा. पूजा झाली की विसर्जन," ते म्हणाले. "मग खोलीत कौन?"

दिवाळीनंतर चाळ पाडायला घेतली. शिबूदांनी टिटवाळ्याला खोली बघितली. दुर्गेला उचलण्याआधी टेम्पोवाल्याने विचारलं, "चपला काढू का?"

शिबूदांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "नको. सामान आहे."

टेम्पोत तिला गॅसच्या शेगडीशेजारी जागा मिळाली.