दगडूकाकांच्या नाकातली कडी

दगडूकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी नाकाकडे. टेंभी नाक्यावरच्या आमच्या चाळीत कुणाकडे पाहुणी आली, की काका दारातूनच तिचं नाक न्याहाळायचे. ती बिचारी संकोचून पदर सावरेपर्यंत यांचा निकाल तयार असायचा, "तिरकं टोचलंय हो. कुठल्या सोनाराचे प्रताप हे?"

काका जकात नाक्यावर कारकून होते. अंगाने पैलवान, आवाज खणखणीत, मिश्या झुबकेदार. आणि त्या मिश्यांच्या वर, डाव्या नाकपुडीत, सोन्याची बारीक कडी. नव्या माणसाला आधी मिश्या दिसायच्या, मग कडी दिसायची, आणि मग कुठे बघावं ते न कळून तो चाळीची कौलं बघत बसायचा.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नऊ वर्षांची होते आणि आईने माझं नाक टोचायचं ठरवलं. सोनार घरी आला, आणि न बोलावता काकाही आले. सोनाराने माझ्या नाकावर काजळाचा टिपका दिला. काका म्हणाले, "जरा वर घ्या. अजून. छे, आता फार वर गेला." सोनार वैतागला. "मग तुम्हीच टोचता का?" तशी काका दोन पावलं मागे सरकले. "नको नको, मला रक्त बघवत नाही." तरी त्यांनी माझा हात मात्र घट्ट धरला. "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बेबी. एवढीशी मुंगी." मुंगी कसली, विंचू होता तो. माझ्या किंकाळीने खालच्या वाण्याकडची गिऱ्हाइकं बाहेर आली.

"टोचणं सोनाराचं, जपणं आपलं," हे काकांचं ब्रीद. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी ते कोमट खोबरेल तेलात हळद कालवून आणायचे आणि कोंबडीच्या पिसाने एक थेंब नाकावर सोडायचे. चिंच बंद, कैरी बंद. परकरावरचं पोलकं डोक्यावरून काढायचं नाही, पुढे बटणं असलेलं घालायचं. डाव्या कुशीवर झोपायचं नाही. मी नुसतं बोट वर नेलं तरी ओरडायचे, "हात लावू नकोस! तुझं नाक आहे का ते?"

"माझंच आहे."

"बरं होईपर्यंत नाही!"

माझे वडील एकदा कंटाळून म्हणाले, "पोरीचं नाक टोचलंय की खाडीवर पूल बांधलाय?" पण माझं नाक जराही पिकलं नाही. समोरच्या कमलचं पिकलं, कारण तिच्या आईने काकांना दारातून परत पाठवलं होतं. ही गोष्ट काकांनी पुढे कित्येक वर्षं सांगितली.

त्यांच्या या नादाचं मूळ त्यांच्याच नाकात होतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मग हे जन्मले, तेव्हा त्यांच्या आईने, म्हणजे अंबूआजीने, गावातल्या रीतीप्रमाणे सगळं केलं. बाळाला उकिरड्यावर ठेवून उचललं, शेजारणीला पसाभर कोंड्याला विकून परत घेतलं, नाव ठेवलं दगडू आणि नाक टोचून त्यात कडी घातली. मुलगी आहे, टाकाऊ आहे, न्यायच्या लायकीचं नाही, असं वाटून यमाने पुढच्या घरी जावं, एवढाच हेतू. दगडू वाचला. नुसता वाचला नाही, चांगला अडीच माणसांएवढा झाला. पण कडी काढायची आजीची छाती कधी झाली नाही.

त्या कडीपायी त्यांचं लग्नही राहिलं. एक मुलगी पसंत पडली होती. तिच्या वडिलांनी एवढंच म्हटलं, की लग्नात तरी कडी काढा, मांडवात दोन नथी दिसायला नकोत. आजी रडायला लागली. काका म्हणाले, "राहू द्या मग," आणि तो विषय तिथेच संपला. हे सांगताना ते हसायचे. मीही हसायची, तेव्हा मला काय कळत होतं!

जकात नाक्यावर मात्र कडीचा निभाव लागेना. बाळकुमची एक भाजीवाली रोज पाटी उतरवताना म्हणायची, "आरं दादा, नाकान कडी आन खाली मिशी? तू बाय हास का बाप्या, यक काय तं सांग!" गाडीवान हसायचे, आणि हसणाऱ्या माणसाकडून जकात वसूल करणं कठीण. म्हणून काका कामावर जाताना कडी काढून तपकिरीच्या डबीत ठेवत आणि भोकात कडुनिंबाची काडी खुपसत. लांबून तीळ वाटायचा. संध्याकाळी चाळीच्या जिन्याखाली उभं राहून काडी काढायची, कडी घालायची, एक जोरदार शिंक द्यायची आणि वर यायचं.

वर दारात अंबूआजी बसलेली असायची. मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. काका तिच्यापुढे वाकायचे, आजी चाचपत हात वर न्यायची, कडीला बोट लावायची आणि म्हणायची, "आलास." मग काका पाय धुवायला जायचे. माझ्या लहानपणी चाळीत दिवेलागणी या शब्दानेच व्हायची.

एका श्रावणात नाक्यावर एका बैलाने मान झटकली आणि त्याचं शिंग काकांच्या नाकावर बसलं. नाक सुजून वांग्याएवढं झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर नाकात काही घालायचं नाही, काडीसुद्धा नाही. आता आजीला काय सांगायचं? पडसं झालंय, असं सांगून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी काकांनी शक्कल काढली. कचेरीतल्या बाटलीतला डिंक लावून कडी नाकावर चिकटवली. आजीने बोट लावलं, "आलास" म्हणाली. जिंकले!

हे नाटक चांगले पंधरा-वीस दिवस चाललं. सूज उतरली, पण तोवर भोक बुजून गेलं होतं. आणि एका दमट संध्याकाळी, मी आजीजवळ वाती वळत बसले असताना, काका वाकले, आजीने बोट लावलं आणि कडी तिच्या हातात आली.

आजीने दोन बोटांत कडी फिरवून पाहिली. काका समोर उभे असूनही तिने अगदी हळू विचारलं, "दगडू, तू कुठे आहेस?"

"इथेच आहे ना, आई."

"मग हे माझ्या हातात कसं?"

काकांनी सगळं सांगितलं. बैल सांगितला, डॉक्टर सांगितला, डिंकसुद्धा सांगितला. तिने ऐकलं, पण तिला ते पटलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. सारखी त्यांचा हात धरून बसायची आणि मधूनच नाकाची बोडकी बाजू चाचपायची. माझे वडील म्हणाले, "दगडोबा, समजूत घाला तिची. तुमचा तरी विश्वास आहे का असल्यावर?" काका म्हणाले, "माझा नाही हो. पण तिला डोळे नाहीत. कडी आहे म्हणजे मी आहे, एवढंच तिला कळतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका सोनाराकडे निघाले आणि मला म्हणाले, "चल बेबी, सोबत." चाळीतल्या सगळ्या नाकांना धीर देणारा हा माणूस घामाने थबथबला होता. सोनाराने काजळाचा टिपका दिला. काका डोळे मिटून म्हणाले, "जरा वर घ्या." मी त्यांचा तळवा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल, काका." काका असे बोंबलले, की टांगेवाल्याचं घोडं बुजलं.

त्या संध्याकाळी आजीने कडीला बोट लावलं. काकांना ब्रह्मांड आठवलं असणार, पण ते हलले नाहीत. "आलास," आजी म्हणाली आणि तिने भात मागितला. पुढे महिनाभर तेल, हळद आणि पीस घेऊन मी रोज त्यांच्याकडे जात होते. त्यांची चिंच मी बंद केली. "हात लावू नका, तुमचं नाक आहे का ते?" असंही मनसोक्त ओरडून घेतलं.

अंबूआजी गेली तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. तेराव्याला काकांचे एक चुलते म्हणाले, "दगडू, आता ती कडी काढ बाबा. तुझं लग्नाचं वय गेलं, निदान नोकरी तरी ताठ मानेने कर." काका म्हणाले, "काढतो." दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले.

संध्याकाळी मी गॅलरीत दिव्याची काच पुसत होते. जिन्याखालून शिंक ऐकू आली. काका वर आले. नाकात कडी होती. दारात आजीची बसायची जागा मोकळी होती, आणि तिथे येऊन काका सवयीने वाकले. वाकले ते तसेच राहिले. त्यांना सरळ होता येईना. एवढा मोठा माणूस रिकाम्या चटईपुढे नाक करून उभा होता, ते मला बघवेना.

मी काच खाली ठेवली. हात पदराला पुसला, जवळ गेले आणि त्यांच्या कडीला बोट लावलं.

"आलात, काका," मी म्हटलं.

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आलो गं," आणि पाय धुवायला गेले.