हीट पंपाची दृष्ट

साळूबाईंनी बादलीत कोपर बुडवलं, बाहेर काढून पदराला पुसलं आणि न्हाणीघरातल्या पाटावरून सरळ उठल्या.

"भाऊ, ह्ये पानी लेकरासाठी हाय का तुळशीसाठी?"

दाराबाहेर उभ्या असलेल्या रंगनाथराव गायख्यांनी आत येऊन बादलीत थर्मामीटर धरला. "बावीस अंश," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"अंश तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझं कोपर नाय म्हनतंय."

साळूबाईंच्या कोपरावर अपील नव्हतं. जेलरोडच्या अर्ध्या वस्तीला त्यांनी लहानपणी मांडीवर पालथं घालून चोळलं होतं. रोज सहा घरच्या सहा बाळांना न्हाऊ घालायचं, त्यामुळे थांबायला त्यांना फुरसत नव्हती. रंगनाथरावांच्या पत्नी छायाबाईंनी घाईघाईने गॅसवर दोन पातेली चढवली. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, तेल लावलेलं, रडून लालबुंद. बाळाची आई, म्हणजे त्या दोघांची लेक योगिनी, केसांना तेल थापून बसलेली. आणि रंगनाथराव गच्चीचा जिना चढत होते, एकेक पायरी सोडून.

गच्चीवर पत्र्याच्या छोट्या शेडखाली त्यांचा हीट पंप होता. हवेतली ऊब ओढून घेऊन पाणी तापवणारं यंत्र. गॅसगिझर काढून भाचीला देऊन टाकताना त्यांनी सगळ्या घराला फळ्यावर आकृती काढून ते समजावलं होतं. आता यंत्र गप्प होतं आणि त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती.

रंगनाथराव तेहतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. दोनशे दहा मेगावॅटचा संच त्यांनी पावसाळ्यात ओल्या कोळशावर चालवून दाखवला होता. आणि स्वतःच्या नातीसाठी त्यांना एक बादली पाणी तापवता येऊ नये?

त्यांनी जुन्या सवयीप्रमाणे शंभर पानी वही काढली.

*मंगळवार. ०६.०० – लंगोट काढले. ०६.३० – पाणी २२. मशीन बंद, दोष: हवा कमी. ०९.०० – मागची जाळी टूथब्रशने साफ. मशीन चालू. १३.०० – पाणी ५६. दोष नाही. १९.०० – लंगोट १४, शेडखाली.*

*(दुसऱ्या शाईत) टूथब्रश माझा होता. – छाया*

कंपनीला फोन केला. तिकडच्या मुलीने तक्रार नोंदवली, आभार मानले आणि सात कामाचे दिवस लागतील म्हणून सांगितलं.

"सात दिवसांत आम्ही अख्खा बॉयलर उघडून परत बंद करायचो!" रंगनाथराव म्हणाले.

"हो सर. आणखी काही मदत करू शकते का?"

दुपारी घोटीहून विहीणबाईंचा, म्हणजे योगिनीच्या सासूबाईंचा, फोन आला. योगिनीने चुकून स्पीकरवर टाकला.

"काय म्हनतंय गं माझं पाखरू? न्हालं का?"

"न्हाली ना आई. जरा उशीर झाला. पाणी गॅसवर तापवावं लागलं."

विहीणबाईंचा आवाज मऊ झाला, तसे रंगनाथराव फोनच्या जवळ सरकले.

"दादा, आमच्याकडं बंब पहाटे चारला पेटतो बरं का. दुपारपर्यंत पान्याला हात लावून देत नाय. उगं तुमाला त्रास नको. रविवारी बारसं झालं की दोघींना मीच घेऊन येते घोटीला."

"अहो, पण सवा महिना माहेरी..."

"रिवाज हाय, मला ठाव हाय. पन रिवाजात गार पानी नव्हतं."

सोमवारी दवाखान्यातून घरी आल्या आल्या बाळ दुपारी रंगनाथरावांच्या छातीवर झोपलं होतं. त्या दीड तासात त्यांनी नाकसुद्धा खाजवलं नव्हतं. त्यांनी मनात सवा महिन्याच्या सगळ्या दुपारी मोजून ठेवल्या होत्या. आता हाती फक्त पाच उरल्या होत्या.

"रविवारपर्यंत दुरुस्त करतो," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, ते कळलं नाही. फोन केव्हाच बंद झाला होता.

*बुधवार. ०६.०० – लंगोट काढले. ०६.३० – पाणी २२. दोष तोच. जाळी तपासली, साफ. ०९.०० – जाळी तरीही साफ केली. १३.०० – पाणी ५७. निष्कर्ष: मशीन दिवसा चांगले, रात्री वाईट. कारण: थंडी. उपाय: हवा गरम करणे.*

हवा गरम करायला त्यांनी बाळाच्या शेकाची शेगडी उचलली. सायंकाळी कोळसे फुलवून ती हीट पंपाच्या मागे विटांवर ठेवली आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागले. धूर वर गेला, पत्र्याला थडकला आणि शेजारच्यांच्या गच्चीत उतरला. तिकडून हाक आली, "गायखे, आग लागली का?"

"चाचणी आहे!" रंगनाथराव खोकत ओरडले.

छायाबाई वर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळी मांडणी नीट पाहिली.

"अहो, म्हणजे शेगडीवर हवा तापणार."

"बरोबर."

"हवेवर मशीन तापणार. आणि मशीनवर पाणी."

"आता कळलं तुला."

"मग शेगडीवर पाणीच ठेवलं असतं तर?"

रंगनाथरावांचा पुठ्ठा थांबला. तेहतीस वर्षं कोळसा जाळून त्यांनी वीज केली होती, आणि आज विजेच्या यंत्राला कोळसा घालत होते. पण माघार हा शब्द त्यांना बॉयलरवर कोणी शिकवला नव्हता.

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले आणि पुन्हा वारा घालू लागले. मग लंगोट टाकायची वेळ झाली. ते काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं.

*गुरुवार. ०६.३० – पाणी २४. प्रगती: दोन अंश.*

*कोळसा: दोन किलो. – छाया*

"पप्पा," योगिनीने बाळाचा लंगोट हुंगून पाहिला, "याला धुराचा वास येतोय."

"निर्जंतुक झालेत," रंगनाथराव म्हणाले.

साळूबाईंनी त्या दिवशी कोपर बुडवलंच नाही. नुसतं पाण्याकडे बघितलं आणि गच्चीवर जाऊन हीट पंपाभोवती एक फेरी मारली.

"लेकरू घरी आलं त्याच दिवसापासून बिघडलं ना ह्ये?"

"हो, पण तो योगायोग..."

"योगायोग नाय भाऊ. नजर हाय. लेकराची नजर मशीननं अंगावर घेतली. लय गुनाचं मशीन हाय."

"साळूबाई, हे यंत्र आहे. कंप्रेसर आहे त्यात. याला कसली नजर?"

"ट्रकला लिंबू-मिरची बांधत्यात, तो काय मानूस हाय?"

रंगनाथराव कंप्रेसर दाखवायला वाकले, तोवर छायाबाई खाली जाऊन मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घेऊन आल्यासुद्धा. दिवेलागणीला साळूबाई पुन्हा आल्या. हीट पंपावरून मूठ ओवाळली, आल्या-गेल्याची, शेजारणी-पाजारणीची नावं पुटपुटल्या आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली. तडतड झाली. रंगनाथरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. खोकून खोकून ते शेडच्या खांबाला धरून उभे राहिले.

"बगा," साळूबाई समाधानाने म्हणाल्या, "ठसकाबी नाय लागला."

"मला लागला ना!"

"तुमाला लागला. मशीनला कुठं लागला? आता उजाडेपर्यंत गच्चीवर कुनी पाय ठेवायचा नाय. कुनी म्हंजे कुनीबी नाय."

*गुरुवार. १९.०० – गच्चीवर प्रवेशबंदी (साळूबाई). लंगोट १४, घरात, खुर्च्यांवर. सही करताना माझा निषेध नोंदवतो.*

शुक्रवारी सकाळी साळूबाईंनी कोपर बुडवलं आणि "हाय हाय!" करून बाहेर ओढलं. मग हसल्या. सगळं घर हसलं. बाळ अंघोळ करून गाढ झोपलं. योगिनी न्हाली. छायाबाईंनीही डोक्यावरून पाणी घेतलं. पाणी अठ्ठावन्न अंश होतं.

एक माणूस हसत नव्हता.

"अहो, आता काय बिघडलं? चाललंय ना?"

"तेच तर," रंगनाथराव वही मांडीवर घेऊन म्हणाले. "कारण न कळता बंद पडलेलं यंत्र परवडलं. कारण न कळता चालू झालेल्यावर विश्वास कसा ठेवायचा? रविवारी विहीणबाईंच्या पुढ्यात परत फुसकं झालं म्हणजे?"

"तोंड चांगलं ठेवा हो जरा."

पण त्यांचंच खरं झालं. शुक्रवारी सायंकाळी घर आपल्या नेहमीच्या शिस्तीवर आलं, खुर्च्या माणसांना बसायला मोकळ्या झाल्या, आणि शनिवारी सकाळी पाणी पुन्हा बावीस.

"एकदानं भागत नाय," साळूबाई म्हणाल्या. "पाच वेळा उतरवावी लागती. आठवड्यातून एकदा."

रंगनाथरावांना पाच आठवडे नव्हते. एक दिवस होता. छातीवर दगड ठेवून, म्हणजे दुसऱ्या माणसाला आपल्या यंत्राला हात लावू द्यायचं ठरवून, त्यांनी देवळालीगावातल्या वसीमला फोन केला. फ्रिज आणि एसीच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता.

वसीम आला, झाकण उघडलं, गेज लावला, कान लावला, बटणं दाबली. रंगनाथराव मागे हात बांधून उभे होते, जसे पूर्वी शिकाऊ पोरांच्या मागे उभे राहायचे.

"काका, मशीन एकदम टकाटक आहे. गॅस बराबर, पंखा बराबर."

"मग रात्री बंद का पडतं?"

"दम घुटतोय त्याचा. हवाच भेटत नाही. मेमरीत दाखवतंय, रोज सात-सव्वासातला बंद. एक परवाची, गुरुवारची रात्र सोडून." त्याने मागची जाळी बघितली. "जाळी तर चकाचक ठेवलीय तुम्ही. सातला काय होतं इथं?"

"काही नाही. सातला इथे कोणीच नसतं."

"नक्की?"

"वहीच बघ ना. मिनिटामिनिटाची नोंद आहे."

वसीमने वही घेतली आणि बोट फिरवत वाचू लागला. एक पान उलटलं, परत मागे आला. मग त्याने वर शेडकडे पाहिलं. हीट पंपाच्या मागे, जाळीपासून वीतभर अंतरावर, दव पडू नये म्हणून पत्र्याखाली कोणीतरी फार निगुतीने एक दोरी बांधली होती.

"काका," तो जपून म्हणाला, "हे लंगोट कोण वाळत घालतं?"

"मीच. का?"

वसीमने खांद्यावरचा ओला रुमाल काढून दोरीवर टाकला आणि यंत्र चालू केलं. पंखा घुमला. रुमाल एकदा फडफडला, आत ओढला गेला आणि जाळीला असा चिकटला, जणू भिंतीला पाल.

"हा एक आहे," वसीम म्हणाला. "तुम्ही चौदा लावता."

रंगनाथरावांनी रुमाल सोडवून पुन्हा दोरीवर टाकला आणि तो पुन्हा चिकटला. सगळं उलगडलं. रोज सायंकाळी सातला चौदा ओले लंगोट यंत्राच्या नाकातोंडावर बसत. यंत्र गुदमरून बंद पडे, आणि रात्री धुण्याभांड्यात टाकी रिकामी झाली की नवं पाणी गारच राही. पंखा थांबला की लंगोट सुटून सरळ लोंबू लागत. सकाळी सहाला ते स्वतः ते काढून घेत, घडी घालत आणि मग अर्ध्या तासाने, पुरावा खाली पोचवून, तपासाला परत येत.

वसीम चहा पिताना दोनदा ठसकला. तो मिरचीचा ठसका नव्हता.

*शनिवार. १६.०० – दोरी पुढच्या कठड्याला हलवली. दोष दूर. बिघाडाचे कारण: मी.*

*मान्य. – छाया*

रविवारी नऊच्या सुमाराला विहीणबाई घोटीच्या तांदळाची गोणी, पाळण्याची झालर आणि योगिनीसाठी रिकामी बॅग घेऊन उतरल्या. रंगनाथरावांची नजर बॅगेवरून हलेना. त्या थेट न्हाणीघराच्या दाराशी गेल्या. आत साळूबाई बाळाच्या अंगावर तांब्या धरत होत्या आणि खोली वाफेने भरली होती. विहीणबाईंनी बादलीत बोट घातलं आणि झटकन काढलं.

"अगं बाई! लयच तापलंय की. झालं का मशीन नीट, दादा?"

रंगनाथरावांनी घसा साफ केला. रात्रीच त्यांनी दोन पानी खुलासा तयार केला होता, आकृतीसकट. आपली चूक त्यात पहिल्याच ओळीत होती. बॉयलरवर तसाच नियम होता.

"त्याचं असं झालं विहीणबाई, की यंत्राला लागणारी हवा..."

"नजर होती," साळूबाई बाळाला पालथं करत म्हणाल्या. "लेकराची नजर मशीनवर गेल्ती. मी उतरवली. एकदा झाली, अजून चार ऱ्हायल्या. आठवड्याला एक."

"चार ऱ्हायल्या?" विहीणबाईंचा चेहरा बदलला. "म्हंजे अर्धी हाय अजून?"

"अर्धीबी उतरली नाय अजून."

"मग लेकरू हलवायचं कसं? अर्ध्या दृष्टीत उंबरा वलांडत नसतात." त्या वळल्या. "दादा, तुमी कायतरी सांगत होतात. हवेचं काय?"

दारात छायाबाई उभ्या होत्या. त्या रंगनाथरावांकडे बघत होत्या. योगिनीही बघत होती. साळूबाईंच्या पायांवर पालथं पडलेलं ते एवढंसं डोकं उचललं गेलं, डुगडुगलं आणि रंगनाथरावांच्या दिशेने वळून परत टेकलं.

तेहतीस वर्षांत त्यांनी नोंदवहीत एक खोटा आकडा लिहिला नव्हता. खुलाशाचे दोन कागद त्यांनी खिशातच चार घड्या करून खोल सारले.

"हवा... बाहेरची हवा वाईट आहे सध्या," ते म्हणाले. "लेकरू हलवू नये."

"तेच म्हनते मी," विहीणबाई म्हणाल्या आणि रिकामी बॅग कोपऱ्यात ठेवून पाळण्याला झालर लावायला निघून गेल्या.

रंगनाथराव न्हाणीघराच्या दाराशी तसेच घुटमळले. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"साळूबाई, पाचात नक्की भागतं ना? का एवढ्या मोठ्या मशीनला सात लागतात?"